रॉकेट सगळ्यांना दिसते, बातमीदाराला मात्र परवाना लागतो

२५ जून २०२५ रोजी दुपारी १२ वाजून १ मिनिटाने शुभांशु शुक्ला यांना घेऊन फाल्कन ९ रॉकेट फ्लोरिडाहून उडाले, तेव्हा आम्ही चार-सहा निवृत्त मंडळी मंडळाच्या वाचनालयात टीव्हीसमोर बसलो होतो. राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी एक भारतीय अंतराळात जात होता. टाळ्या झाल्या, पेढे झाले. घरी निघताना एकाने विचारले, ‘‘चॅनेल बदलले तरी चित्र तेच कसे हो?’’

चित्र तेच होते, कारण ते रॉकेट उडवणाऱ्यांनीच पुरवलेले होते. त्यात गैर काही नाही. पण नोकरीची ३५ वर्षे बँकेत काढल्यामुळे आमच्या मनात लगेच शाखेचे इन्स्पेक्शन आले. शाखेचा हिशेब शाखाधिकाऱ्यानेच तपासला आणि त्यानेच ‘सर्व ठीक’ म्हणून सही केली, तर त्या कागदाला किंमत किती? रॉकेटच्या बाबतीत बाहेरून येऊन पाहणारा म्हणजे बातमीदार. आणि परदेशी बातमीदाराची वाट अलीकडे बरीच अवघड झाली आहे.

आपल्या वडोदऱ्यातल्या कितीतरी घरांत अमेरिकेचा १० वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहून यायचे, नातवंडे सांभाळायची. त्या व्हिसावर कुणीही टायटसव्हिलला जाऊन नदीकाठी उभे राहावे आणि पलीकडचे उड्डाण मनसोक्त पाहावे. (त्या पाण्याचे नाव ‘इंडियन रिव्हर’! आपला त्याच्याशी काही संबंध नाही, पण ऐकून बरे वाटते.) मात्र तोच माणूस एखाद्या वर्तमानपत्रासाठी बातमी लिहायला आला असेल, तर तो व्हिसा चालत नाही. त्याला पत्रकारांचा वेगळा ‘आय’ व्हिसा लागतो. ज्या युरोपीय देशांच्या नागरिकांना पर्यटनासाठी व्हिसाच लागत नाही, त्यांच्या पत्रकारांनाही हाच नियम आहे.

व्हिसा मिळाला म्हणजे काम झाले असेही नाही. केनेडी अंतराळ केंद्राच्या आतल्या प्रेस साइटवरून उड्डाणाचा तळ पाचएक किलोमीटरवर दिसतो. तिथे जायला नासाची वेगळी मान्यता लागते आणि परदेशी नागरिकांसाठी अर्जाची मुदत अमेरिकन पत्रकारांच्या आधीच संपते. पार्श्वभूमी तपासायला वेळ लागतो, हे आम्हाला मान्य आहे. पण रॉकेट काही मुदत पाळत नाही. शुक्लांचेच उड्डाण पाहा. २९ मे ठरली होती, मग ८ जून, १०, ११, १९, २२ आणि शेवटी २५. कधी हवामान, कधी ऑक्सिजनची गळती, कधी अंतराळस्थानकातली तक्रार. मोठ्या वाहिनीचा माणूस महिनाभर हॉटेलात राहू शकतो. जिल्ह्याच्या दैनिकाने किंवा एकट्याने काम करणाऱ्या पत्रकाराने तिकिटे किती वेळा बदलायची? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने असाही प्रस्ताव मांडला की पत्रकाराला एका वेळी २४० दिवसच राहता यावे, आणि चिनी पारपत्र असेल तर ९०. आतापर्यंत काम चालू आहे तोवर राहता येत असे. वर्षानुवर्षे एकाच विषयावर लिहिणारा जाणकार बातमीदार अशाने कसा तयार होणार?

चिनी पत्रकारांचा अनुभव तर जुना आहे. मे २०११ मध्ये एंडेव्हर यान एक वैज्ञानिक उपकरण घेऊन निघाले. ते तयार करण्यात चिनी शास्त्रज्ञांचाही हात होता. तरी चिनी वार्ताहरांना उड्डाणाला प्रवेश नाकारला गेला, कारण नासाने चीनशी व्यवहार करू नये असे कलम अमेरिकन संसदेने त्याच वर्षी घातले होते. भांडण दोन सरकारांचे, आणि बाहेर उभा राहिला बातमीदार.

याच अमेरिकेत १९६९ साली अपोलो ११ च्या उड्डाणाला जगभरातून सुमारे साडेतीन हजार पत्रकार आले होते. त्याउलट सोव्हिएत रशियाने गागारिनचे उड्डाण यान आकाशात गेल्यावर जाहीर केले. अमेरिकेचा विश्वास जगाने धरला, त्यात या उघडेपणाचा वाटा मोठा होता. १९८६ मध्ये चॅलेंजर फुटले तेही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. लपवायची सोयच नव्हती.

अडचण सगळीकडे सरकारांच्या मनातल्या संशयाचीच असते असेही नाही. काही ठिकाणी नुसती कागदपत्रेच माणसाला दमवतात. इस्रोचे काही मोठे दळणवळण उपग्रह फ्रेंच गयानातील कुरू येथून गेले. जागा फ्रान्सची, पण शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. भारतीयाला वेगळा व्हिसा काढावा लागतो आणि पिवळ्या तापाची लस घेतल्याचा दाखलाही. पॅरिसला जाऊन आलेल्या माणसाला हे सांगितले तर तो आपल्यालाच वेड्यात काढील.

आता आपल्या घरात डोकावू. अमेरिकेकडे बोट दाखवणे सोपे आहे. भारतातही परदेशी पत्रकाराला ‘जे’ व्हिसा लागतो, पर्यटकाचा ई-व्हिसा चालत नाही. श्रीहरिकोटा हे संरक्षित ठिकाण आहे, सुरक्षेची परवानगी लागणारच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. २०१९ मध्ये इस्रोने सामान्य लोकांसाठी प्रेक्षक गॅलरी उघडली, हे कौतुकाचेच. पण टाळ्या वाजवणारा प्रेक्षक वेगळा आणि प्रश्न विचारणारा बातमीदार वेगळा.

१८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात बिघडले. त्याचा तपास अहवाल जाहीर न होताच १२ जानेवारी २०२६ रोजी सी६२ उडाले, आणि तेही तिसऱ्याच टप्प्यात बिघडले. त्यावर आपल्या उपग्रहाबरोबर स्पेन, ब्राझील, नेपाळ अशा देशांचाही माल होता. बँकेच्या भाषेत ते आपले ठेवीदार. ठेव बुडाली तर काय झाले हे विचारायला त्यांच्या देशाचा पत्रकार येणारच, आणि त्याला व्हिसाच्या रांगेत थोपवून ठेवले तर पुढची ठेव दुसऱ्या बँकेत जाईल. इस्रोविषयी आम्हाला अभिमान आहे. निसार उपग्रहातले एक रडार आपल्या शेजारच्या अहमदाबादेत तयार झाले आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेले, तेव्हाही आम्ही पेढे वाटले होते. पण ज्या शाखेचा आपल्याला अभिमान वाटतो, तिचेच इन्स्पेक्शन कडक व्हावे असे आम्हाला वाटते.

गगनयानातून माणसे जातील तेव्हा साऱ्या जगाचे पत्रकार इथे येऊ पाहतील. त्यांच्यासाठी अर्जाची एक ठरलेली तारीख, उत्तर देण्याची ठरलेली मुदत आणि उड्डाण पुढे गेले तर आपोआप वाढणारा व्हिसा, एवढे आधी जाहीर करायला पैसा लागत नाही.

जाता जाता सभासदांसाठी एक सूचना. आपल्यापैकी अनेकांची मुले ओसीआय कार्डावर येतात-जातात. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय असले तरी भारतात पत्रकारितेचे काम करायला विशेष परवानगी लागते. त्यांच्यातले कुणी तिकडच्या माध्यमांसाठी लिहीत असेल आणि सुट्टीत श्रीहरिकोट्याची बातमी करायचा विचार असेल, तर परवानगीचा अर्ज निघण्याआधीच करायला सांगा.