शब्दबोध : ‘रिझेंट’

इंग्रजीतील ‘हेट’ मुलांच्याही तोंडी रुळले आहे. ‘रिझेंट’ मात्र कानी पडूनही नीट उमगत नाही. ‘राग येणे’ हे त्याचे भाषांतर अपुरे आहे. राग येतो तसा जातो. रिझेंट करणारा अन्यायाची वा अपमानाची बोच मनात जपून ठेवतो.

‘शी रिझेंट्स बीइंग कम्पेअर्ड’ म्हणजे इतरांशी केलेली तुलना तिला मनोमन खुपते. या क्रियापदापुढे ‘टू’ येत नाही. नाम किंवा ‘इंग’चे रूप येते. मराठीत ‘डूख धरणे’ यात सूडाची छटा आहे, रिझेंटमध्ये ती असेलच असे नाही. ‘मनात सल धरणे’ हा प्रयोग अधिक जवळचा. दुकानाची वाटणी झाल्यावर भाऊ एकमेकांशी बोलतात, लग्नकार्यात भेटतात. तरी वहीतील मागील बाकी नव्या पानावर ओढावी, तसा सल वर्षानुवर्षे पुढे जातो.

वेरूळच्या ३२व्या लेण्यात, इंद्रसभेत, वेलींनी वेढलेला बाहुबली उभा आहे. भाऊ भरताशी राज्यासाठी झालेला संघर्ष त्याने जिंकता जिंकता सोडला, वर्षभर तप केले. तरी मनातील सूक्ष्म शल्य सरल्यावरच केवलज्ञान झाले, असे कथा सांगते. ते शल्य कोणते, याविषयी परंपरांत भेद आहेत.

राज्य सोडणाऱ्यालाही सल सोडणे अवघड गेले. म्हणून संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना पहिला निरोप सर्वांत दुरावलेल्या भावाकडे जावा.