मॅडम, ब्लॅक बेल्ट कधी भेटेल?



उन्हाळ्याची सुटी लागली की जळगाव-धुळ्यात, अगदी अमळनेर, चाळीसगाव, शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावीसुद्धा कराटे वर्गांचे फलक झळकू लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात, म्हणून वर्ग एकतर सकाळी सहाला, नाहीतर दिवस मावळल्यावर. पांढऱ्या गणवेशातली पोरं रांगेत उभी राहतात. महिना-दोन महिने झाले की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, ब्लॅक बेल्ट कधी भेटेल?"

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी कराटेच्या वर्गात लहान मुलांच्या सरावाला मदत करते. मला स्वतःला ब्लॅक बेल्ट वयाच्या ४३ व्या वर्षी मिळाला, सात वर्षांच्या सरावानंतर. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. प्रश्न वाईट नाही. आपल्या लेकराने काही मिळवावं असं कोणत्या आई-बापाला वाटत नाही? पण या प्रश्नामागे एक समजूत आहे की ब्लॅक बेल्ट म्हणजे शिक्षण संपलं, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं, आता दुसरा क्लास शोधायचा. या समजुतीबद्दल आज थोडं बोलायचं आहे. माझं मत सरळ आहे. ब्लॅक बेल्ट हा पायाभूत शिक्षण झाल्याचा दाखला आहे. पायाभूत शिक्षण किती लवकर उरकलं याला किंमत नसते, ते किती पक्कं झालं याला असते.

बेल्टची पद्धत आणली एका शिक्षकाने

बेल्टची पद्धत हजारो वर्षं जुनी असेल असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ती साधारण १४० वर्षांची आहे आणि ती आणणारा माणूस आपल्याच पेशातला होता. जिगोरो कानो (१८६०-१९३८) यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था काढली आणि ज्युदो शिकवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या दोन विद्यार्थ्यांना पहिली श्रेणी दिली. त्यानंतर काही वर्षांनी श्रेणी मिळालेले विद्यार्थी ओळखू यावेत म्हणून काळा पट्टा आला. कानो हे टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे दोन दशकांहून अधिक काळ प्रमुख होते. म्हणजे आपल्या भाषेत बी.एड. कॉलेजचे प्राचार्य! वर्गात कोण कुठवर आलंय हे शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला कळावं, यासाठी शिक्षकाने केलेली ती सोय होती.

कराटेची गोष्टही शाळेतूनच जाते. ओकिनावा बेटावर आंको इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास कराटे प्राथमिक शाळेत नेलं. मुलांना झेपतील असे पाच सोपे काता त्यांनी बसवले. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा संच. गिचिन फुनाकोशी हेही ओकिनावात शाळामास्तर होते. १९२२ मध्ये ते कराटे घेऊन टोकियोला गेले आणि १९२४ मध्ये कानोंची पद्धत उचलून त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना पहिले ब्लॅक बेल्ट दिले. आज आपल्या गावातली पोरं जो 'हेयान शोदान' हा २१ हालचालींचा काता पाठ करतात, तो या शाळकरी मुलांसाठीच्या काताच्या कुळातला आहे.

आता श्रेण्यांची मोजणी बघा. गणिताच्या शिक्षिकेला ती फार आवडते. रंगीत बेल्टच्या श्रेणीला 'क्यू' म्हणतात आणि ती उलटी मोजतात. बहुतेक ठिकाणी दहाव्या क्यूपासून सुरुवात, मग नववा, आठवा असं करत पहिला क्यू. त्यानंतर ब्लॅक बेल्ट येतो आणि मोजणी पुन्हा एकपासून सुलटी सुरू होते. फर्स्ट डॅन, सेकंड डॅन, वर दहापर्यंत. फर्स्ट डॅनला जपानीत 'शोदान' म्हणतात. त्यातल्या 'शो'चा अर्थ आरंभ. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांच्या मते ब्लॅक बेल्टवाला म्हणजे अक्षरओळख झालेला विद्यार्थी. मुळाक्षरं आली, आता वाचायला शिकायचं.

मला त्यातून काय मिळालं

छत्तिसाव्या वर्षी मी वर्गात गेले तेव्हा माझ्या रांगेत चौथी-पाचवीची मुलं होती. माझ्यापुढे तपकिरी बेल्टची, बारावीत शिकणारी मुलगी उभी असायची. ती माझा गुडघा हाताने वाकवून नीट करायची आणि म्हणायची, "मॅडम, परत." शाळेत मी जिच्या वयाच्या मुलांना "परत सोडव" म्हणते, तिने मला म्हणायचं! पहिले काही दिवस चमत्कारिक वाटलं. मग ती सवय झाली आणि पुढे तीच मला सगळ्यात मोलाची वाटू लागली. शिकवणाऱ्या माणसाला कुठेतरी रांगेत मागे उभं राहायला मिळालं पाहिजे. बाकीच्यांना आलेलं आपल्याला येत नाही, सगळे आपल्याकडे बघतायत, डावा पाय कुठे टाकायचा तेच आठवत नाही. अपूर्णांकांची बेरीज न जमणाऱ्या पोराच्या पोटात काय होत असेल, ते मला पुस्तकापेक्षा इथे जास्त नेमकं समजलं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. जोडीने सराव करताना ठोसा पूर्ण ताकदीने निघतो आणि समोरच्याच्या अंगाला लागण्याआधी थांबतो. बघणाऱ्याला वाटतं, मारलंच नाही. करणाऱ्याला माहीत असतं, मारण्यापेक्षा थांबवणं अवघड आहे. साठ मुलांच्या वर्गात, सातव्या तासाला, खडू हातात असताना ही थांबण्याची सवय किती कामाला येते हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट तपकिरी बेल्टच्या दिवसांची. पिवळा, केशरी, हिरवा हे बेल्ट भराभर येतात. दर काही महिन्यांनी परीक्षा, नवा रंग, घरी कौतुक, मोबाइलवर स्टेटस. तपकिरीला आल्यावर मात्र सगळं शांत होतं. मी तिथे दोन वर्षांहून जास्त काळ होते. रोज तेच ठोसे, तेच काता, तीच चूक, तेच "परत". बाहेरून काहीच बदलत नाही. कुणी विचारत नाही, टाळ्या नाहीत. त्या दोन वर्षांत पहिला काता मला खऱ्या अर्थाने यायला लागला. म्हणून कुणी विचारलं की ब्लॅक बेल्ट तुम्हाला काय वाटतो, तर मी सांगते: कौतुक थांबल्यावरही मी येत राहिले, त्याची ती नोंद आहे. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी वर्ग होता. नेहमीसारखी सतरंजी अंथरली आणि लहान मुलांना पहिला काता शिकवला.

आपल्या मातीतली तालीम

हे सगळं जपानचं कौतुक म्हणून सांगत नाही. खान्देशाला हे नवीन नाही. आपल्या तालमीत बेल्ट नव्हतेच. लाल मातीत कोण कुठवर आला हे वस्तादाला दिसायचं आणि यात्रेतल्या कुस्त्यांमध्ये गावाला दिसायचं. आपल्याच चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे पैलवान विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असं सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीचं मैदान मारलं. मानाची गदा पहिल्यांदा घरी आली तेव्हाच ते थांबले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण गदा मागच्या वर्षीच्या कुस्तीची असते. नव्या वर्षी पुन्हा त्याच मातीत उतरावं लागतं, नव्या दमाच्या पोरांसमोर. तालमीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बेल्टच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो, कारण बेल्ट कमरेला बांधता येतो आणि फोटोत छान दिसतो.

घाई कुणाला आहे?

एक अडचण समजून घ्या. बेल्ट देणारी देशात एकच एक यंत्रणा नाही. शैली वेगळ्या, संघटना वेगळ्या, परीक्षा वेगळ्या. त्यामुळे पाच-सात वर्षं घाम गाळून मिळालेला ब्लॅक बेल्ट आणि फी भरून वर्ष-दीड वर्षात मिळालेला ब्लॅक बेल्ट लांबून सारखेच दिसतात. दुकानात तर तो कुणालाही विकत मिळतो.

वयाचंही तेच. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या कमरेला ब्लॅक बेल्ट बघून आपण हरखतो. तायक्वांदोची प्रमाणपत्रं देणारी सोलची कुक्कीवॉन ही संस्था काय करते बघा. १५ वर्षांखालच्या मुलांना ती 'डॅन' देत नाही, 'पूम' नावाची वेगळी श्रेणी देते. त्याचा बेल्टही अर्धा लाल, अर्धा काळा. मुलाची मेहनत मान्य, पण वय वाढायचं बाकी आहे, असा त्याचा साधा अर्थ.

काही पालकांचा हिशेब वेगळा असतो. "दहावीला मार्क वाढतील ना? नोकरीत कोटा भेटेल ना?" तर दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण हे मान्यताप्राप्त स्पर्धांमधल्या सहभागावर आणि कामगिरीवर मिळतं. नुसत्या ब्लॅक बेल्टच्या सर्टिफिकेटवर नाही. मार्कांसाठीच पाठवायचं असेल तर आधी नियम वाचा, मग पैसे भरा.

मग खरंच कधी मिळतो? नियमित सराव असेल तर साधारण पाच-सात वर्षं धरा. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात जाणाऱ्या मुलाला अजून थोडी जास्त. काही बिघडत नाही. शेतातून आलेलं ते पोर पुन्हा रांगेत उभं राहिलं, यातच त्याचं निम्मं शिक्षण झालेलं असतं.

नववीतली मुलगी

हे सगळं लिहायचं खरं कारण आता सांगते. आमच्या वर्गात पिवळ्या-केशरी बेल्टच्या रांगेत मुली आणि मुलं जवळपास सारखी असतात. तपकिरीच्या रांगेत मुली दोन किंवा तीन. गळती कुठे होते? आठवी-नववीत. कारणं ठरलेली: "पुढच्या वर्षी दहावी आहे." "शिकवणीची वेळ येते." "आता मोठी झाली, अंधार पडल्यावर कशाला?" "हातपाय मोडला तर उद्या स्थळ बघताना अडचण." त्याच घरातला भाऊ दहावीच्या वर्षातही क्रिकेट खेळायला जातो, तेव्हा मात्र अभ्यास आडवा येत नाही.

शाळांमध्ये समग्र शिक्षा अंतर्गत मुलींसाठी 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' होतं. चांगली गोष्ट आहे. पण ते तीन महिन्यांचं असतं. तीन महिन्यांत मुलगी नीट उभं राहायला आणि मोठ्याने ओरडायला शिकते. ओरडणं ही लहान गोष्ट नाही, आपल्या कितीतरी मुलींना आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने ओरडायची परवानगी तिथेच मिळते. पुढचं मात्र वर्षांचं काम आहे आणि ते आपण नेमकं नववीत तोडतो.

ब्लॅक बेल्ट म्हणजे चिलखत आहे असंही मी म्हणणार नाही. समोर चाकू असेल तर पळणं हेच शहाणपण. छेड काढणाऱ्याला ठोसा मारण्याआधी ओरडणं, गर्दीकडे जाणं, घरी आणि शाळेत येऊन सांगणं हे आधी शिकवलं पाहिजे. मुलगी सराव करते म्हणून तिची काळजी घेण्याची आपली जबाबदारी कमी होत नाही. मग ती तिथे शिकते काय? आपलं शरीर झाकायला आणि सांभाळायलाच नाही, वापरायलाही आहे, हे ती शिकते. पडल्यावर उठायला शिकते. "नाही" म्हणताना नजर खाली जात नाही. हे कोणत्याही तीन महिन्यांत येत नाही.

काही अडचणी तर अगदी साध्या असतात. पाळीच्या दिवसांत पांढरा गणवेश नको वाटतो, म्हणून मुली आधी चार दिवस आणि मग कायमच्याच येईनाशा होतात. सरावाला गडद पँट चालेल, एवढं शिकवणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं तरी काही मुली टिकतात. वर्गाच्या ठिकाणी बंद होणारं स्वच्छतागृह, सोबतीला एखादी बाई, आणि घरी परतताना तीन-चार मुलींनी एकत्र जाण्याची सोय, यातलं काहीच फार खर्चाचं नाही.

शिक्षकांनो, मूल नवा बेल्ट शाळेत दाखवायला आणेल तेव्हा शाबासकी द्याच, पण "मागच्या बेल्टला शिकलेलं करून दाखव बरं" असंही म्हणा. त्याला काय येतंय ते त्यालाच कळेल. पालकहो, वर्ग निवडताना तिथे किती ब्लॅक बेल्ट निघाले हे विचारण्याआधी पाच-सहा वर्षं टिकलेली मुलं किती आहेत आणि त्यात मुली किती, हे विचारा.

जूनमध्ये शाळा सुरू होतील आणि कितीतरी घरांत नववीतल्या मुलीचा क्लास बंद करायचा विचार चालू असेल. तिचं नाव कमी करण्याआधी एक करा. दहावीच्या वर्षात आठवड्याचे सहा दिवस जमत नसतील तर दोन दिवस ठेवा. बेल्टची परीक्षा एक वर्ष पुढे गेली तर जाऊ द्या. फक्त तिला रांगेतून काढू नका.