नांगरटीत गेलेला पंधरवडा



सोयाबीन निघाले की गावोगाव एकच धावपळ सुरू होते. ट्रॅक्टरवाल्याकडे नंबर लावायचा, पल्टी नांगर मारायचा, ढेकळे फोडायला रोटावेटर, मग सारे पाडून ओलीत, मग वाफशाची वाट. भारी काळ्या वावरात वाफसा यायला आठ-दहा दिवस सहज जातात. एवढे उरकेपर्यंत गव्हाची पेरणी डिसेंबरात जाते. वावर मात्र पाटीसारखे सपाट दिसते आणि धुऱ्यावरून जाणारा तारीफ करतो.

या तारिफीचा हिशेब मांडू. ओलिताचा गहू १ ते १५ नोव्हेंबरच्या दरम्यान पेरावा, त्यापुढे दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पन्न घटते, असे राज्यातली कृषी विद्यापीठेच सांगतात. म्हणजे एकरी एक क्विंटल. महिनाभर उशीर केला की दोन क्विंटल गेले. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव २,४२५ रुपये धरला तर एकरी ४,८५० रुपये. नांगर-रोटावेटरचे भाडे यात धरलेले नाही. गव्हाला फुटवे धरायला थंडी लागते आणि वऱ्हाडात थंडी मोजकी. उशिराच्या गव्हाचा दाणा भरायला येतो तेव्हा ऊन तापलेले असते, दाणा चिमतो. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सर्वांत तापलेला मार्च ठरला आणि पंजाब-हरियाणातल्या गव्हालाही त्याने सोडले नाही. आपल्याकडे तसे ऊन नवे नाही.

मग नांगर हवाच कशाला? आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी वऱ्हाडातले मुख्य औजार नांगर नव्हते, वखर होता. कुंदा, कांस, हरळी माजली तर चार-सहा वर्षांतून एकदा नांगर लागे. एरवी वखराच्या पाळ्या आणि तिफण. जुन्या इंग्रजी कागदपत्रांतही हे नोंदवलेले आहे. त्यांच्या शेतीखात्याने पुढे लोखंडी नांगराचा प्रचार केला आणि न नांगरणारा शेतकरी आळशी ठरला. ते आळशी नव्हते, त्यांना माती कळत होती. ही काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. वर्षातून एकदा ती स्वतःच स्वतःला फोडते. ऑक्टोबरच्या उन्हात खोल नांगरट केली की खालची ओल वर येऊन उडून जाते. वखराची पास दोन-तीन इंच खालून कापत जाते, तण मरते, भेगा बुजतात आणि वर कोरड्या मातीचे पांघरूण पडते. ओल त्याखाली टिकते. रोटावेटरचे उलट आहे. ओलसर काळ्या मातीत तो फिरला की वर भुगा आणि खाली घट्ट थर.

म्हणून सोयाबीननंतर, फार तर वखराची एक पाळी देऊन सरळ पेरणी करावी, असे आमचे मत आहे. ओल असेल तर त्याच आठवड्यात; नसेल तर न नांगरता हलके ओलीत देऊन वाफशावर. कुटार जाळू नका. याला अपवाद आहेत. ओल्यात हार्वेस्टर फिरून वावर दबले असेल किंवा कुंदा माजला असेल, तिथे नांगर लावावाच लागेल. पऱ्हाटी उपटून गहू घेणाऱ्याची गोष्टही वेगळी. त्याचा उशीर कापसाच्या वेच्यांमुळे होतो, मशागतीमुळे नाही. डिसेंबर उलटून गेला असेल तर त्याने गव्हाचा नाद सोडलेला बरा.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या, दर्यापूर-अकोटकडच्या भावांसाठी थोडे जास्त लिहितो. तिथे विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे गहू पावसाच्या ओलीवरच. जुने लोक खरिपात वावर मोकळे ठेवून उघाड मिळाली की वखर फिरवत आणि मग तिफणीने उंच बन्सी पेरत. तिचा कोंब लांब, बी खोल ओलीत टाकले तरी वर येई. आताचे लोक-१ सारखे बुटके वाण तसे नाहीत. दोन इंचांपेक्षा खोल गेलेले बी बाहेर येताना दमते आणि तास विरळ उगवते. ओल तीन-चार इंच खाली गेली असेल तर बुटका गहू रेटू नये, हरभरा पेरावा.

नांगर सोडला की तणाचा प्रश्न येतो, हे खरे. पंजाबात भाताच्या धसकटातच यंत्राने गहू पेरतात, पण त्यांच्या हाती यंत्रेही आहेत आणि तणनाशकेही. आपल्याकडे केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरावे, अशी अधिसूचना काढली. ते चालक कोणत्या खेड्यात राहतात ते दिल्लीलाच ठाऊक! १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे उघडपणे पेरले, ते याच हक्कासाठी. औषध जपून वापरावे, तोंड-हात झाकून वापरावे, त्यात वाद नाही. पण निंदणाला माणूस मिळत नसताना कोणते औजार घ्यायचे हे ज्याच्या घामाने वावर पिकते त्याने ठरवायचे.

आणि एक स्पष्ट करतो. हे "उत्पादन वाढवा" सांगणाऱ्या सरकारी पत्रकांपैकी नाही. २०२२ च्या वसंतात व्यापारी २,०१५ च्या हमीभावावर चढून गहू घेत होते, तर १३ मे रोजी निर्यातीचे दार बंद झाले. पिकवून वाढवलेला क्विंटल असा एका सहीने स्वस्त होतो. भावाची लढाई आपल्याला चालवायचीच आहे. तोवर नांगरटीचा खर्च वाचला तर तो आपल्या खिशात राहील, तिथे कोणाची सही चालत नाही.

या सभेला आलेल्या प्रत्येक गावातून एका तरी शेतकऱ्याने यंदा सोयाबीनच्या वावरात अर्ध्या-अर्ध्या एकराचे दोन पट्टे करावेत. एक नेहमीसारखा नांगरून, दुसरा न नांगरता. बियाणे, खत, पाण्याच्या पाळ्या सारख्या ठेवा. पेरणीची तारीख, डिझेल, मजुरी वहीत लिहा. गहू काट्यावर मोजा, पोत्यांचा अंदाज नको. एप्रिलच्या जिल्हा बैठकीला वही घेऊन या, ज्याचा न नांगरलेला पट्टा मार खाऊन गेला असेल त्याने तर आवर्जून या.