लोथ म्हणजे जिवावर येणे

पावसाची झड लागलेली असताना दळण आणायला निघायचे म्हणजे अगदी जिवावर येते. वापरात नसलेली जुनी पितळी भांडी मोडीत घालायची म्हटले की घरातल्या आजींचा हात धजत नाही. या मनःस्थितीसाठी इंग्रजीत एक छोटेसे विशेषण आहे : लोथ.

'शी इज लोथ टू सेल द हाऊस' म्हणजे घर विकणे तिच्या जिवावर आले आहे. ती विकणारच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. गरज पडली तर विकेलही. पण मन मागे ओढते. 'रिलक्टंट'चा अर्थही असाच. 'लोथ'मधली नाखुषी त्याहून तीव्र.

दोघांच्या वापरात एक फरक आहे. साक्ष द्यायला नाखूष असलेल्या माणसाला 'अ रिलक्टंट विटनेस' म्हणतात. 'अ लोथ विटनेस' असे म्हणत नाहीत. 'लोथ'नंतर 'टू' आणि क्रियापदाचे मूळ रूप येते. 'अ‍ॅव्हर्स'ची तऱ्हा आणखी निराळी : 'लोथ टू लेंड', पण 'अ‍ॅव्हर्स टू लेंडिंग'.

खरी फसगत होते ती स्पेलिंगमध्ये. 'लोथ'च्या शेवटी एक 'ई' जोडला की 'लोद' हे क्रियापद होते. त्याचा अर्थ तिटकारा असणे. 'आय अ‍ॅम लोथ टू लीव्ह धिस ऑफिस' म्हणजे हे ऑफिस सोडणे जिवावर येते आहे. 'आय लोद धिस ऑफिस' म्हणजे या ऑफिसचा मला तिटकारा आहे! निरोपाच्या पत्रात गल्लत झाली, तर जिव्हाळा दाखवायला जावे आणि राग दिसावा.

दोन्ही शब्दांचे मूळ एकच. जुन्या इंग्रजीत या विशेषणाचा अर्थ 'तिरस्करणीय' असा होता. क्रियापदाने तो तिरस्कार धरून ठेवला; विशेषण मात्र काळाच्या ओघात निवळले. 'नथिंग लोथ' असाही एक वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ आढेवेढे न घेता, राजीखुशीने.

लक्षात ठेवायची युक्ती सोपी आहे. 'ओथ' म्हणजे शपथ. त्याच्या आधी 'एल' लिहिला की 'लोथ' तयार. आणि 'ब्रेथ' म्हणजे श्वास, त्याला 'ई' जोडला की 'ब्रीद', म्हणजे श्वास घेणे, हे क्रियापद होते. तसेच 'लोथ'चे 'लोद'. एवढे ध्यानात ठेवले, तर हा शब्द वापरणे कुणाच्या जिवावर येणार नाही.