फोंताईनेसमध्ये राहायचं कोणी?

सुट्ट्या लागल्या की पणजीच्या फोंताईनेसचे फोटो फेसबुकवर सुरू होतात. पिवळ्या भिंती, निळ्या खिडक्या, लाल कौलं. खाली हमखास ओळ असते, "युनेस्कोचा जागतिक वारसा". मंडळी, हे खरं नाही. युनेस्कोच्या यादीत १९८६ पासून आहेत ती जुन्या गोव्यातली चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स. आमचा वाडा त्या यादीत नाही. इथली घरं इतकी वर्षं टिकली ती त्यांत माणसं राहत होती म्हणून. आणि आता नेमकी तीच कमी होत चालली आहेत.

मी मूळचा सावंतवाडीचा. नोकरीसाठी पणजीत आलो आणि गेली सात वर्षं इथेच एका जुन्या घराच्या माडीवर दोन खोल्यांत भाड्याने राहतो. त्यामुळे हे भाडेकरूच्या बाजूचं म्हणणं आहे हे आधीच सांगून टाकतो. पण मालकाला शिव्या घालायला ही पोस्ट लिहीत नाहीये.

आधी मालकाची बाजू बघू. जांभ्या चिऱ्याचं, चुन्याच्या गिलाव्याचं, मंगलोरी कौलांचं घर सांभाळणं म्हणजे काय हे फोटो काढणाऱ्याला कळत नाही. दर मे महिन्यात कौलं तपासायची, फुटलेली बदलायची. वाशांना वाळवी लागते. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळत नाही आणि सिमेंट थापलं तर ओल आतच राहून भिंत खराब होते. परत संवर्धन क्षेत्र असल्यामुळे बाहेरून काही बदलायचं तर परवानगी हवी. नियम सरकारचा, खर्च मालकाचा.

त्यात वारसाहक्क. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने मुलगा-मुलगी सगळ्यांना समान वाटा. तत्त्व म्हणून मला हे देशातल्या इतर भागांपेक्षा चांगलंच वाटतं. पण तीन पिढ्यांनंतर एका घराला वीस वारस होतात. कोणी मुंबईत, कोणी लिस्बनमध्ये, कोणी लंडनला. छप्पर दुरुस्त करायचं तर पैसे कोण घालणार? विकायचं तर सगळ्यांच्या सह्या कोण आणणार? शेवटी दाराला कुलूप, आणि कुलूपबंद घराचं छप्पर दोन-चार पावसाळ्यांत खाली येतं.

आणि भाड्याचा कायदा. गोव्याचा भाडे नियंत्रण कायदा १९६८ चा. त्याच्याखाली आलेल्या जुन्या भाडेकरूंचं भाडं वर्षानुवर्षं जवळजवळ गोठलेलं राहिलं. तेवढ्या पैशात मालकाने कौलं कशी बदलायची? त्यातून मालक लोक एकच धडा शिकले: भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही. म्हणून आता सगळीकडे अकरा महिन्यांचा करार. वर्षाच्या आतला करार असला की नोंदणी सक्तीची राहत नाही.

आता आमची बाजू. अकरा महिन्यांच्या करारावर माणूस शेजारी होत नाही. मुलाला जवळच्या शाळेत घालायचं की नाही, इथे गॅसची जोडणी घ्यायची की नाही, सगळं "पुढच्या वर्षी बघू" वर. तरीही माझे सहा करार सरळ पुढे गेले, कारण घरमालकीण आंटी खालीच राहतात आणि त्यांना रात्री माडीवर कोणाची तरी चाहूल हवी असते. या वर्षी त्यांच्या भाच्याने हिशोब मांडला. मी महिन्याला अठरा हजार देतो. तीच जागा पर्यटकाला रात्रीच्या अडीच हजारांनी दिली आणि महिन्यातले पंधराच दिवस भरली, तरी साडेसदतीस हजार. दुपटीहून जास्त. या आकड्याला माझ्याकडे उत्तर नाही. आंटींकडेही नाही, आणि त्यांच्या छपराला खरोखरच पैसे लागणार आहेत.

म्हणून हा प्रश्न मालकाच्या मनाच्या मोठेपणावर सोडून चालणार नाही. एकेका घराचा हिशोब बरोबरच आहे, पण सगळ्या घरांनी तोच केला तर वाडा राहत नाही. सकाळी हॉर्न वाजवत येणाऱ्या पोदेराकडून रोज उंडे घेणारं कोणी राहणार नाही. सेंट सेबॅस्टियन चॅपेलच्या फेस्ताला आणि मळ्याच्या मारुतीच्या जत्रेला राबणारे हात कुठून आणायचे? दोन रात्रींसाठी आलेला पाहुणा तुंबलेल्या गटाराची तक्रार करायला थांबत नाही. आजच लोकांना दारावर "इथे फोटो काढू नका" असे बोर्ड लावावे लागलेत. उद्या बोर्ड लावायलाही कोणी उरणार नाही.

हे बाहेर घडून गेलेलं आहे. मलेशियात पेनांगच्या जॉर्जटाऊनमध्ये जुना भाडे नियंत्रण कायदा २००० सालापासून उठला. भाडी वाढली, पिढ्यान् पिढ्या राहिलेले भाडेकरू बाहेर पडले. २००८ मध्ये युनेस्कोचा दर्जा आला, त्यामागून कॅफे आणि हॉटेलं आली. भिंती वाचल्या, शेजार गेला. बार्सिलोनाने तर २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या दहा हजारांवर फ्लॅट्सचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचे. तिथवर पोचायची वेळ आपल्यावर येऊ नये.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी सुचतात.

एक, ज्या जुन्या घरात मालक स्वतः राहतो किंवा वर्षभराचा भाडेकरू ठेवतो, त्याला घरपट्टीत सवलत द्या आणि चुना-कौलांच्या कामाला थेट अनुदान द्या. घराची शोभा सगळ्या गोव्याची, तर खर्चातही वाटा हवा.

दोन, पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी असा कायदा १९८२ पासून आहे. तो आधी नीट अमलात आणा. मग रस्त्यागणिक किती खोल्या पर्यटकांसाठी द्यायच्या याची मर्यादा ठरवा. बंदी नको. आंटींसारख्यांना एक खोली पाहुण्यांना देऊन चार पैसे मिळत असतील तर मिळू देत. अख्खं घर हॉटेल होणं वेगळं.

तीन, १९६८ चा कायदा आणि अकरा महिने यांच्या मधला रस्ता काढा. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडे कायद्याचा मसुदा मंजूर केलाय. त्यात लेखी करार आहे आणि मुदत संपूनही न निघणाऱ्या भाडेकरूला आधी दुप्पट, मग चौपट भाड्याचा दंड आहे. मालकाला घर परत मिळण्याची खात्री द्या, आम्हाला तीन वर्षांची मुदत द्या, दरवर्षी ठरलेली वाढ आम्ही देऊ. दोघांचीही भीती त्याने कमी होईल.

वारसा जपायच्या बैठकांना वास्तुविशारद असतात, अधिकारी असतात, हॉटेलवाले असतात. पुढच्या बैठकीला इथल्या दोन भाडेकरूंना आणि दोन घरमालकांनाही बोलवा. पणजीत राहणाऱ्यांनी आपल्या नगरसेवकाला एवढं तरी विचारावं: या वाड्यात आज रात्री किती घरांत दिवा लागतो, आणि त्यातली किती घरं राहत्या माणसांची आहेत? ही मोजणी आधी करा. भिंतींना रंग नंतर द्या.