विश्लेषण : कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया एकदा, पाठपुरावा आयुष्यभर

यशवंतपूर (बेंगळुरू) : मिरज, बेळगावकडून रात्रभर धावणाऱ्या गाड्या यशवंतपूरला थांबतात, तेव्हा उतरणाऱ्यांत उपचारासाठी राजधानी गाठणारी सीमाभागातील मराठी कुटुंबेही असतात. मूल जन्मतः ऐकू शकत नसेल आणि श्रवणयंत्राचाही उपयोग होत नसेल, तर डॉक्टर कॉक्लिअर इम्प्लांटचा पर्याय सुचवतात. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो आणि त्याची तरतूद मात्र तोकडी आहे.

साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. अंतर्कर्णातील शंखाकृती भागातल्या केसपेशीच निकामी झाल्या असतील, तर मोठा आवाजही मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. इम्प्लांट या पेशींना वगळून श्रवणमज्जातंतूला थेट विद्युतसंकेत देते. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो आणि त्वचेखाली बसवलेल्या भागाकडे पाठवतो. तेथून संकेत शंखात सरकवलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत जातात. मज्जातंतूच अस्तित्वात नसेल, तर हा उपाय लागू पडत नाही. म्हणूनच आधी स्कॅन अनिवार्य ठरते.

मेलबर्नमध्ये ग्रेम क्लार्क यांनी १९७८ मध्ये बहुवाहिनी इम्प्लांट बसवले. भारतात या शस्त्रक्रियेचा प्रसार करणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. त्याच वर्षी केंद्राची सुधारित एडिप योजना अमलात आली. तिच्यात दरवर्षी ५०० मुलांना प्रत्येकी ६ लाख रुपयांच्या मर्यादेत इम्प्लांट देण्याची तरतूद होती. समन्वयाची जबाबदारी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे सोपवण्यात आली. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची नोंद ५० लाखांहून अधिक होती. त्या सर्वांना इम्प्लांट लागत नाही, हे खरे. तरीही ५०० हा आकडा लहानच वाटतो.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू केले जाते. त्या क्षणी मूल ‘ऐकू लागले’ असे नातेवाईक मानतात. प्रत्यक्षात त्याला अर्थ नसलेले आवाज जाणवू लागलेले असतात. ते आवाज म्हणजे ‘आई’, ‘पाणी’, ‘ये’, हे समजायला महिनोन्महिने श्रवण-वाचा उपचार लागतात आणि संकेतांची पातळी वारंवार जुळवून घ्यावी लागते. बेळगावहून बेंगळुरू रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर. दर फेरीत रोजंदारी बुडते.

त्यात भाषेचा पेच आहे. उपचार मुलाच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेत व्हावेत, हे तत्त्व सर्वमान्य आहे, कारण दिवसाचे उरलेले तास शिकवणारी आईच असते. केंद्रातील तज्ज्ञ कन्नड किंवा इंग्रजीत काम करत असतील, तर मराठी आईने घरी काय आणि कसे बोलायचे? शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या हिशेबात हा प्रश्न कुठेच येत नाही. खुणांची भाषा बाजूला सारण्याचा सल्लाही अनेकदा पालकांना दिला जातो; बधिर समाजातील अनेकांचा त्याला आक्षेप आहे आणि तो समजून घेण्याजोगा आहे.

प्रोसेसर आयुष्यभर टिकत नाही. वायर तुटते, बॅटऱ्या संपतात, हमीची मुदत उलटते. नवा प्रोसेसर लाखांच्या घरात जातो आणि पैशांअभावी तो बंद पडला, की मूल पुन्हा शांततेत जाते. लाखोंची शस्त्रक्रिया काही हजारांच्या सुट्या भागामुळे वाया जाण्याची शक्यता योजना आखणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यायला हवी.

वेळही हातातून निसटतो. भाषा आत्मसात करण्याची मेंदूची क्षमता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. म्हणूनच एडिपमध्ये जन्मजात बधिर मुलांसाठी ५ वर्षांची मर्यादा ठेवली गेली. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. तरीही मूल दोन-तीन वर्षांचे होऊनही बोलत नाही, तेव्हाच अनेक घरांत शंका येते. ‘उशिरा बोलेल’ या समजुतीत आणखी काही महिने जातात.

शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : हमी किती वर्षांची, सुटे भाग कोठे आणि कोणत्या दराने मिळतील, आणि आपल्या भाषेतील वाचा-उपचारतज्ज्ञ घराजवळ कोण आहे.