ओल झाकू नका, ओल थांबवा

पावसाळा सर्वांना आवडतो. तापलेली जमीन थंड होते, विहिरी भरतात, डोंगर हिरवे होतात. पण मुंबईत आणि कोकणात पावसाबरोबर एक पाहुणी न बोलावता घरात शिरते. ती म्हणजे बुरशी. भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागतात. कपाट उघडले की कुबट वास येतो. चपलांवर पांढरट लव चढते.

“पावसाळ्यात हे असे व्हायचेच,” असे म्हणून आपण गप्प बसतो. सण जवळ आला की भिंतीला रंग देतो. भिंत काही दिवस स्वच्छ दिसते. मग रंगाचे पोपडे निघतात आणि ठिपके त्याच जागी पुन्हा उमटतात. माझ्या मते हा उपाय नव्हे, ही स्वतःची फसवणूक आहे. आजाऱ्याला नवे कपडे घातले म्हणून त्याचा ताप उतरत नाही.

बुरशी सजीव आहे. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत नेहमीच असतात. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या प्रयोगशाळेतील एका बशीत अशीच बुरशी वाढली आणि त्यातून पुढे पेनिसिलिन हे औषध मिळाले. म्हणजे प्रत्येक बुरशी आपली शत्रू नाही. पण घरातील बुरशीमुळे दमेकऱ्याचा दमा वाढतो आणि लहान मुलांचा खोकला हटत नाही. हवेतले बीजाणू आपण संपवू शकत नाही. मात्र त्यांना रुजायला ओलावा लागतो. तो कमी करणे आपल्या हाती आहे.

हा ओलावा येतो कोठून? फुटक्या कौलांतून, पाला अडकलेल्या पन्हळीतून, गळक्या नळातून. काही ओलावा आपणच निर्माण करतो. खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांतील पाणी नाहीसे होत नाही. ते हवेत मिसळते आणि गार भिंतीवर बसते. म्हणून कपडे घरात वाळवताना पंखा लावावा. स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवावे आणि खिडकी उघडावी. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नये, कारण बीजाणू घरभर उडतात. नाकावर रुमाल बांधून ती साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावी आणि जागा कोरडी करावी.

तरीही एक अडचण उरते. चाळीत वरच्या घरातील मोरी गळते आणि खालच्या घराची भिंत भिजते. भाडेकरू म्हणतो, “मालकाच्या घरावर मी खर्च का करू?” मालक म्हणतो, “पाणी तुम्हीच सांडता.” हा वाद चालू असतो, तेव्हा त्या भिंतीजवळ झोपणारे मूल रात्रभर खोकत असते. भिंत कोणाची हे नंतर ठरवता येईल. श्वास मात्र त्या मुलाचा आहे. वरच्या शेजाऱ्यांना खाली बोलवावे, भिंत दाखवावी आणि दुरुस्तीचा खर्च वाटून घ्यावा. भांडणापेक्षा आणि दरवर्षीच्या रंगापेक्षा ते स्वस्त पडते.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर कपाटामागच्या भिंतीला हात लावून पाहा. हाताला ओल लागली, तर रंगाचा डबा आणू नका. पाणी कोठून येते ते आधी शोधा.